निवास आणि साक्ष : चीनमध्ये राहिलेल्या परकीयांच्या लेखनाची एक परीक्षा

१

परदेशाविषयी लिहिणाऱ्या ग्रंथकाराची योग्यता ठरविताना वाचक प्रथम एकच प्रश्न विचारतो. ग्रंथकार त्या देशात किती काळ राहिला होता? आठ-पंधरा दिवसांच्या प्रवाशापेक्षा दोन वर्षांचा निवासी अधिक विश्वसनीय, आणि दोन वर्षांच्या निवासीपेक्षा आयुष्य तेथे घालविणारा अधिक विश्वसनीय, अशी एक चढती श्रेणी मनात गृहीत धरलेली असते. प्रवासवर्णनाच्या अभ्यासातही ही श्रेणी बहुधा निर्विवाद समजली जाते. 'लेखक तेथे प्रत्यक्ष राहिला होता' एवढे सांगितले म्हणजे त्याच्या विधानांची वेगळी छाननी करण्याचे कारण उरत नाही, असा समज त्यामागे असतो.

या समजाची परीक्षा करण्यास चीनविषयक लेखनाइतके अनुकूल क्षेत्र क्वचितच सापडेल. तेराव्या शतकापासून आजपर्यंत व्यापारी, धर्मोपदेशक, सैनिक, पंडित, वैद्य आणि शिक्षक अशा नाना प्रकारच्या परकीयांनी चीनमध्ये वास्तव्य केले आणि त्यांच्यापैकी अनेकांनी आपला अनुभव लिहून ठेवला. हे लेखन अनेक भाषांत आहे. त्याची तपासणी करण्यास चिनी साधनेही विपुल आहेत. प्रस्तुत लेखात या विस्तीर्ण वाङ्मयातील मोजकी उदाहरणे घेऊन निवासाचा काल, भाषेचे ज्ञान आणि निवासीचे त्या समाजातील स्थान यांचा साक्षीच्या मूल्याशी नेमका कोणता संबंध आहे, याचा विचार केला आहे.

२

प्रारंभ मार्को पोलोपासून करणे क्रमप्राप्त आहे. इ. स. १२७१ मध्ये व्हेनिस सोडलेला हा तरुण १२९५ मध्ये परतला. मध्यंतरी सुमारे सतरा वर्षे तो कुब्लाईखानाच्या सेवेत होता, असे त्याचा ग्रंथ सांगतो. हा ग्रंथ त्याने स्वहस्ते लिहिलेला नाही. जिनोआच्या बंदिवासात १२९८ च्या सुमारास पिसा येथील रुस्तिकेल्लो या कथाकाराने तो शब्दबद्ध केला. म्हणजे साक्षीदार एक आणि लेखणी दुसऱ्याची, ही अडचण येथे पहिल्यापासूनच आहे.

पोलोच्या ग्रंथावरील सर्वांत प्रसिद्ध आक्षेप मौनाचा आहे. चहा, जेवणाच्या काड्या, स्त्रियांचे बांधलेले पाय, चिनी लिपी आणि मोठी भिंत यांचा त्यात उल्लेख नाही. १९९५ मध्ये फ्रान्सिस वुड यांनी या मौनाच्या आणि इतर काही मुद्द्यांच्या आधारे पोलो चीनमध्ये खरोखर पोहोचला होता काय, असा प्रश्न ग्रंथरूपाने उपस्थित केला. परंतु अनुल्लेखावरून अनुपस्थिती सिद्ध करणे ही तर्काची दुबळी रीत होय. आज दिसणाऱ्या भिंतीचा बहुतेक भाग मिंग राजवटीत, म्हणजे १३६८ नंतर, बांधला गेला. तेव्हा तिच्याविषयीचे मौन हा आक्षेपच होऊ शकत नाही. शिवाय मंगोल राज्यव्यवस्थेत पश्चिमेकडून आलेल्या परकीयांचा स्वतंत्र वर्ग होता आणि कारभारात त्याला चिनी प्रजेच्या वरचे स्थान होते. पोलोचा वावर प्रामुख्याने या वर्गात होता. त्याच्या ग्रंथातील 'खानबालिक' किंवा 'झैतून' ही नगरनामे चिनी नाहीत. ती तुर्की, फारसी आणि अरबी बोलणाऱ्यांच्या तोंडची आहेत. त्याने चीन पाहिला तो मंगोल दरबाराच्या आणि त्याच्या परकीय सेवकांच्या डोळ्यांनी पाहिला. चिनी गृहस्थाच्या अंतःपुरात काय चालते हे त्याला न दिसणे स्वाभाविकच होते.

उलट, त्याच्या बाजूचे पुरावेही दुर्लक्षणीय नाहीत. इराणच्या इलखानासाठी वधू घेऊन निघालेल्या तीन दूतांची नावे पोलोने दिली आहेत. तीच नावे चिनी 'योंगल विश्वकोशा'त जतन झालेल्या एका शासकीय लेखात यांग झिज्यू या चिनी संशोधकाला १९४१ मध्ये आढळली. हान्स उलरिख फोगेल यांनी अलीकडच्या काळात कागदी चलन, मीठ आणि महसूल यांविषयीची पोलोची माहिती चिनी साधनांशी ताडून त्याच्या वास्तव्याच्या बाजूने सविस्तर मांडणी केली आहे. वास्तव्य खरे होते, या निष्कर्षाकडे पारडे आज झुकलेले आहे.

परंतु समीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट याहून वेगळी आहे. शिआंगयांग या नगराच्या वेढ्यात दगडफेकी यंत्रे तयार करवून पोलो कुटुंबाने विजय मिळवून दिला, असे ग्रंथात म्हटले आहे. हा वेढा १२७३ मध्येच संपला होता आणि पोलो मंडळी कुब्लाईच्या दरबारी पोहोचली ती त्यानंतर. चिनी आणि फारसी साधने या यंत्रांचे श्रेय पश्चिम आशियातून आलेल्या मुसलमान कारागिरांना देतात. याचा अर्थ असा की वास्तव्य खरे आणि विधान खोटे, या दोन गोष्टी एकाच ग्रंथात सुखेनैव नांदू शकतात. 'तो तेथे होता काय?' या प्रश्नाचे होकारार्थी उत्तर मिळाले म्हणजे 'तो सांगतो ते खरे काय?' या प्रश्नाचे उत्तर मिळाले, असे होत नाही.

३

पोलोला नसलेली एक गोष्ट मातेओ रिच्ची या इटालियन जेझुइटाजवळ होती. ती म्हणजे चिनी भाषा. रिच्चीच्या आयुष्याचा गोमंतकाशी प्रत्यक्ष संबंध आहे. १५७८ मध्ये तो गोव्यास आला, तेथे त्याने धर्मशास्त्राचे अध्ययन केले, १५८० मध्ये कोचीन येथे त्याला दीक्षा मिळाली आणि १५८२ मध्ये तो मकावला पोहोचला. १५८३ मध्ये झाओछिंग येथे त्याने चीनच्या भूमीवर वास्तव्य सुरू केले आणि १६०१ पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे १६१० पर्यंत, तो पेकिंगमध्ये राहिला.

रिच्चीच्या निवासातील सर्वांत बोलका प्रसंग वेषांतराचा आहे. प्रारंभी त्याने बौद्ध भिक्षूचा वेष धारण केला होता. या वेषाला विद्वान अधिकारीवर्गात फारसा मान नाही, हे काही वर्षांच्या अनुभवाने कळल्यावर १५९५ मध्ये त्याने भिक्षूची वस्त्रे टाकून पंडिताचा पोशाख स्वीकारला. त्याच वर्षी मैत्रीविषयी एक लहानसा ग्रंथ त्याने चिनी भाषेत लिहिला. पुढे शू ग्वांगछी या चिनी विद्वानाच्या सहकार्याने युक्लिडच्या भूमितीच्या पहिल्या सहा भागांचे भाषांतर १६०७ मध्ये सिद्ध झाले. येथे परकीय निवासी केवळ निरीक्षक राहत नाही. तो यजमानांच्या भाषेत, त्यांच्या वाचकांसमोर आणि त्यांच्यापैकी एकाच्या साहाय्याने बोलू लागतो. चुकीचे लिहिले तर ते वाचून हसणारे वाचक समोर बसलेले आहेत, या जाणिवेचे मूल्य फार मोठे आहे.

तथापि वेष बदलला की दृष्टीही बदलते, याचेही रिच्ची हेच उदाहरण होय. पंडितवर्गात प्रवेश मिळाल्यावर त्या वर्गाचे पूर्वग्रहही त्याच्या लेखनात आले. कन्फ्यूशियसच्या परंपरेविषयी त्याने आदर दाखविला आणि बौद्ध मताची संभावना अनादराने केली. यात धर्मोपदेशकाचे धोरण होते, तसाच आश्रयदात्या वर्गाचा दृष्टिकोनही होता. युरोपला पुढे दीर्घकाळ जो चीन परिचित झाला, तो मुख्यतः या पंडितांचा चीन होता. शेतकरी, कारागीर आणि भिक्षू त्यात कडेला पडले. शिवाय रिच्चीचा वृत्तान्त युरोपात प्रथम पोहोचला तो त्याच्या स्वतःच्या इटालियन शब्दांत नव्हे. निकोला त्रिगो या सहधर्मीयाने त्याचे संस्कारित लॅटिन रूप १६१५ मध्ये प्रसिद्ध केले. मूळ इटालियन संहिता विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात छापली गेली. पोलोप्रमाणे येथेही साक्षीदार आणि वाचक यांच्यामध्ये तिसरा हात आहे, आणि त्या हाताकडे दुर्लक्ष करणारा अभ्यासक रिच्चीच्या नावावर त्रिगोची वाक्ये वाचण्याचा संभव आहे.

४

निवास हा नेहमी स्वेच्छेचा नसतो. ठाकूर गदाधर सिंह हे हिंदुस्थानी लष्करातील सातव्या रजपूत पलटणीचे शिपाई होते. १९०० मध्ये बॉक्सर उठावाच्या वेळी आठ राष्ट्रांच्या सैन्याने पेकिंगवर चाल केली. त्यात ब्रिटिशांच्या बाजूने हिंदी पलटणी होत्या आणि त्यांपैकी एकीतून गदाधर सिंह चीनमध्ये गेले. त्यांचा 'चीन में तेरह मास' हा हिंदी ग्रंथ १९०२ मध्ये प्रसिद्ध झाला. एका हिंदी सैनिकाने भारतीय भाषेत लिहिलेले चीनमधील वास्तव्याचे हे वर्णन शतकभर जवळजवळ विस्मृतीत होते. २०१७ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर झाल्यावर त्याकडे अभ्यासकांचे पुन्हा लक्ष गेले.

वर सांगितलेल्या श्रेणीने मोजल्यास हा ग्रंथ अगदी खालच्या पायरीवर बसेल. काल केवळ तेरा महिन्यांचा. लेखक पंडित नव्हे, चिनी वाङ्मयाचा अभ्यासक नव्हे आणि आक्रमक सैन्याचा वेतनधारी सेवक. तरीही त्याच्या साक्षीला एक विशेष वजन आहे. परकीय सैन्यांनी केलेली लूट आणि निरपराध चिनी लोकांवर ओढवलेली आपत्ती यांविषयी गदाधर सिंह सहानुभूतीने लिहितात. चिनी लोक हे आपले शेजारी आणि बुद्धाच्या धर्मामुळे आपल्याशी नाते असलेले, ही भावना त्यांच्या लेखनात वारंवार येते. न्यायशास्त्रात एक साधे तत्त्व आहे. साक्षीदार जेव्हा स्वतःच्या हिताविरुद्ध बोलतो, तेव्हा त्याच्या शब्दावर विश्वास ठेवण्यास अधिक आधार असतो. ज्या सैन्यात राहून उदरनिर्वाह करावयाचा, त्याच सैन्यसमूहाच्या कृत्यांविषयी करुणेने आणि खेदाने लिहिणे हे या प्रकारचे बोलणे होय.

अर्थात त्यांची अडचणही तेवढीच स्पष्ट आहे. जिंकलेल्या नगरात शस्त्रधारी परकीयापुढे चिनी माणूस जे बोलेल, ते मोकळेपणाचे असणार नाही. गदाधर सिंहांना चीनचे दुःख दिसले, परंतु चीनचे म्हणणे ऐकू येण्याची सोय त्यांच्या निवासात नव्हती. त्यांची करुणा खरी आहे. ती ज्यांच्यासाठी आहे, त्यांचा आवाज मात्र ग्रंथात क्षीण आहे. या दोन्ही गोष्टी एकत्र मान्य करणे हीच या ग्रंथाची न्याय्य समीक्षा ठरेल.

५

गदाधर सिंहांच्या नेमके उलट उदाहरण सर एडमंड बॅकहाउस यांचे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हे इंग्रज गृहस्थ पेकिंगमध्ये आले आणि मधले काही प्रवास सोडल्यास १९४४ मध्ये मृत्यू येईपर्यंत तेथेच राहिले. चिनी भाषेवर त्यांचे विलक्षण प्रभुत्व होते. लंडनच्या 'टाइम्स'चे पेकिंगमधील वार्ताहर जॉर्ज मॉरिसन यांना चिनी वाचता येत नसल्याने ते चिनी कागदपत्रांच्या भाषांतरासाठी बॅकहाउस यांचे साहाय्य घेत. काल आणि भाषा या दोन्ही कसोट्यांवर बॅकहाउस अग्रस्थानी बसतात.

१९१० मध्ये जे. ओ. पी. ब्लँड यांच्या सहकार्याने बॅकहाउस यांनी राजमाता त्सशी हिच्या कारकिर्दीवरील ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याचा मोठा आकर्षणबिंदू होता छिंग-शान या मांचू अधिकाऱ्याची १९०० सालची दैनंदिनी. उठावाच्या धामधुमीत ती आपल्या हाती लागली, असे बॅकहाउस यांचे सांगणे होते. राजवाड्याच्या आत काय शिजत होते, याचे इतके जवळचे वर्णन पाश्चात्त्य वाचकाला अन्यत्र उपलब्ध नव्हते. त्यामुळे इतिहासकारांनी कित्येक वर्षे ते प्रमाण मानले. १९३० नंतरच्या दशकात पेकिंगमधीलच अभ्यासकांनी तिच्या अस्सलपणाविषयी शंका घेतल्या. १९७६ मध्ये ह्यू ट्रेव्हर-रोपर यांनी बॅकहाउस यांच्या जीवनाचा शोध घेऊन बनावट दस्तऐवज आणि काल्पनिक व्यवहार यांची एक मालिकाच उघडकीस आणली. ही दैनंदिनी बनावट आहे, याविषयी आज अभ्यासकांत मतभेद उरलेला नाही.

चढत्या श्रेणीचा सिद्धान्त येथे पूर्णपणे कोसळतो. सर्वांत दीर्घ निवास आणि सर्वोत्तम भाषाज्ञान यांच्याच पोटी सर्वांत मोठी फसवणूक जन्मली. किंबहुना भाषाज्ञान हेच फसवणुकीचे साधन झाले, कारण भोवतालच्या इंग्रज मंडळींपैकी फारच थोड्यांना मूळ कागद वाचून प्रतिवाद करता येत होता. बॅकहाउस यांनी चिनी समाज आणि इंग्रज वाचक यांच्यामधील एकमेव दरवाजा आपल्या ताब्यात ठेवला आणि त्या दरवाज्यातून काय आत-बाहेर जाते हे दुसऱ्या कोणास पाहू दिले नाही. रिच्चीची चिनी पुस्तके चिनी वाचकांपुढे उघडी होती. बॅकहाउस यांचा इंग्रजी ग्रंथ प्रामुख्याने चिनी न वाचणाऱ्यांसाठी होता. दोघांचे ज्ञान समान मानले तरी त्यांच्या साक्षीचे मूल्य समान ठरत नाही.

यावरून एक पर्यायी कसोटी सुचते. निवासीचे लेखन किती विश्वसनीय आहे हे ठरविताना, तो किती वर्षे राहिला याहून, त्याच्या लेखनात यजमानाला प्रतिवाद करण्यास किती जागा आहे, हे पाहणे अधिक फलदायी होईल.

६

ही कसोटी आधुनिक ग्रंथाला लावून पाहण्यास पीटर हेसलर यांचे 'रिव्हर टाउन' हे पुस्तक उपयुक्त आहे. १९९६ ते १९९८ या दोन वर्षांत हेसलर अमेरिकेच्या पीस कोअर या सेवासंस्थेतर्फे यांगत्से आणि वू या नद्यांच्या संगमावरील फूलिंग गावी शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयात इंग्रजी साहित्य शिकवीत होते. विद्यार्थी बहुतांशी शेतकरी कुटुंबांतील होते. पुस्तक २००१ मध्ये प्रसिद्ध झाले.

हेसलर यांनी आपल्या अज्ञानाची कथा लपविलेली नाही. प्रारंभी गावातील पाट्या त्यांना वाचता येत नाहीत. महिनोन् महिने अभ्यास केल्यावर एकेक पाटी अर्थ देऊ लागते आणि गाव हळूहळू उलगडते. चिनी नावाने वावरणारा हो वेई आणि इंग्रजीत टिपणे लिहिणारा पीटर हेसलर अशा आपल्या दोन व्यक्ती झाल्याचे ते सांगतात. हो वेई भाषेत कच्चा असल्यामुळे लोक त्याच्याशी मोकळेपणाने बोलत, हे त्यांचे निरीक्षण मार्मिक आहे. विद्यार्थ्यांच्या निबंधांतील उतारे पुस्तकात वारंवार येतात. शेक्सपिअरच्या नाटकाचा जो अर्थ शिक्षकाला अभिप्रेत नव्हता, तो विद्यार्थी काढतात, आणि शिक्षक तो नोंदवितो. अखेरच्या भागात गावात चित्रण करीत असताना जमाव परकीयांवर संतापतो, तो प्रसंगही त्यांनी गाळलेला नाही. दोन वर्षे राहिल्याने आपण गावचे झालो, हा भ्रम तेथे मोडतो आणि तो मोडल्याचे वाचकाला कळते.

प्रकाशनापूर्वी हस्तलिखित वाचणाऱ्या एका विद्यार्थिनीने, हे वाचून फूलिंग कोणाला आवडणार नाही, पण लिहिलेले सर्व खरे असल्याने तक्रार करता येत नाही, अशा आशयाचा अभिप्राय दिल्याचे हेसलर यांनी पुढे नमूद केले आहे. २०१२ मध्ये पुस्तकाचे चिनी भाषांतर झाले. वर्णिलेल्या समाजाने वर्णन स्वतः वाचावे, ही बॅकहाउस यांच्या बाबतीत टळलेली गोष्ट येथे घडली.

तथापि या पुस्तकाचीही मर्यादा दृष्टीआड करता येणार नाही. विद्यार्थ्यांचे कोणते उतारे घ्यावयाचे, हे शिक्षकच ठरवितो. निबंध तपासणाऱ्याला उद्देशून लिहिलेला असतो, म्हणून त्यातील मोकळेपणालाही एक सीमा असते. प्रतिवादाची जागा ग्रंथकर्त्याने दिलेली आहे, प्रतिवाद्याने मिळविलेली नाही. तरी जागा मुळीच नसण्यापेक्षा हे पुष्कळ बरे, एवढे निश्चितपणे म्हणता येईल.

७

महाराष्ट्रातील वाचकाला चीनमधील परदेशी निवासी म्हटले की प्रथम आठवतात ते सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. १९३८ मध्ये राष्ट्रीय काँग्रेसने पाठविलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून ते जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनमध्ये गेले. त्यांनी चिनी भाषा शिकून घेतली, १९४१ मध्ये बेथ्यून यांच्या नावाच्या रुग्णालयाची प्रमुख जबाबदारी स्वीकारली, त्याच वर्षी परिचारिकांना शिकविणाऱ्या गुओ छिंगलान यांच्याशी विवाह केला आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी वयाच्या बत्तिसाव्या वर्षी तेथेच देह ठेवला. येथवर विचारात घेतलेल्या सर्व निवासींमध्ये यजमान समाजाशी सर्वाधिक एकरूप झालेला निवासी म्हणून त्यांचाच उल्लेख करावा लागेल.

परंतु कोटणीसांनी चीनविषयी ग्रंथ लिहिला नाही. त्यांची जी प्रतिमा लोकांच्या मनात रुजली, ती ख्वाजा अहमद अब्बास यांच्या १९४४ मधील पुस्तकातून आणि त्यावर आधारलेल्या १९४६ मधील व्ही. शांताराम यांच्या चित्रपटातून. अब्बास त्या पथकाबरोबर गेले नव्हते. चित्रपटात कोटणीसांची भूमिका स्वतः शांताराम यांनी आणि त्यांच्या चिनी पत्नीची भूमिका जयश्री यांनी केली. या कलाकृतींचा हेतू उदात्त होता आणि स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावरील समाजाला त्यांनी प्रेरणा दिली, हे मान्य करूनही एक गोष्ट नोंदविली पाहिजे. मराठी मनातील हा चीन चिनी माणसाच्या तोंडून ऐकलेला नाही. तो चीन त्यागाच्या एका भारतीय कथेची पार्श्वभूमी आहे. पोलोला रुस्तिकेल्लो भेटला आणि रिच्चीला त्रिगो, तसाच तिसरा हात येथेही आहे.

सुदैवाने या कथेची दुसरी बाजूही उपलब्ध आहे. गुओ छिंगलान यांनी पुढे कोटणीसांबरोबरच्या सहजीवनाच्या आठवणी सांगितल्या आणि त्या ग्रंथरूपाने इंग्रजीतही आल्या. परकीय निवासीविषयी यजमान समाजातील व्यक्तीने, तीही त्याच्या घरातील व्यक्तीने, दिलेली ही साक्ष आहे. मराठी अभ्यासकाने अब्बास यांचे पुस्तक आणि शांताराम यांचा चित्रपट यांच्या शेजारी ती ठेवून वाचल्यास कोटणीसांचे मोठेपण कमी होणार नाही. ते ज्यांच्यात राहिले त्या लोकांना मात्र प्रथमच स्वतंत्र अस्तित्व मिळेल.

८

येथवरच्या विवेचनाचे फलित थोडक्यात असे सांगता येईल. निवासाचा काल साक्षीला संधी देतो, प्रामाण्य देत नाही. भाषेचे ज्ञान आवश्यक असले तरी पुरेसे नाही, आणि प्रतिवाद करणारा कोणी नसेल तेथे ते घातकही ठरू शकते. निवासी कोणाच्या आश्रयाने राहिला यावर त्याला काय दिसले आणि काय दिसले नाही, हे मोठ्या प्रमाणात अवलंबून असते. त्याची लेखणी त्याच्याच हाती होती की नाही, हेही प्रत्येक वेळी तपासावे लागते. या सर्वांहून निर्णायक प्रश्न असा की, ज्यांच्याविषयी लिहिले आहे त्यांना त्या लेखनाला उत्तर देता येते काय?

परदेशस्थ मराठी माणसांच्या आठवणींचे लेखन आज सातत्याने प्रसिद्ध होत आहे आणि विद्यापीठीय अभ्यासात त्याला स्थान मिळू लागले आहे. या लेखनाचे मूल्यमापन करताना 'इतकी वर्षे तेथे काढली' या वाक्यापाशी थांबण्याचा मोह अभ्यासकाने आवरला पाहिजे. खरी परीक्षा त्या वाक्याच्या पुढे सुरू होते.